तीन तोंडांचा हमाम

बोनपोरा गावात प्रत्येक माणसाला दोन नावं असतात. पहिलं आईबाप ठेवतात. ते रेशनकार्डावर लागतं आणि मेल्यावर कबरीच्या दगडावर. दुसरं गाव ठेवतं. सकाळी सुलतान रोटीवाल्याच्या भट्टीसमोर, गोल गिर्दे रोट्या निघायची वाट बघत, ढगळ लोकरी फेरनात हात खुपसून जी मंडळी बसतात त्यांच्या तोंडून ते एक दिवस सहज निघून जातं, आणि मग नातवंडांच्या लग्नापर्यंत सुटत नाही. हायस्कूलचे हेडमास्तर एवढे विद्वान, दोन विषयांत एम. ए.; पण त्यांचे आजोबा एकदा शेजाऱ्याच्या खुराड्यापाशी वाकलेले सापडले होते, म्हणून त्यांना आजही सगळे कोंबडेमास्तर म्हणतात. मागे नाही, तोंडावर.

सोनाउल्लाह लोनच्या घराला गारठे म्हणत.

यात सोनाउल्लाहचा काडीचाही दोष नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी ऐन चिल्लई कलानमध्ये, वर्षातल्या सगळ्यांत कडक त्या चाळीस दिवसांत, त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. बापाने मोठ्या हौसेने कोळशाची पोती माळ्यावर रचून ठेवली होती. छप्पर गळलं, कोळसा भिजला, आणि वऱ्हाड दारात आलं तेव्हा फेरनाखाली धरायच्या साठ कांगड्यांपैकी, त्या निखाऱ्यांच्या मडक्यांपैकी, चार पेटल्या. नवरदेवाचं नाक निळं पडलं. निघताना त्याचे चुलते उंबऱ्यात थांबून म्हणाले, "मुलगी सोन्यासारखी, जेवण एक नंबर, पण हे घर म्हणजे नुसता गारठा हो!" दुसऱ्या दिवशी पहिला गिर्दा निघायच्या आत नाव पक्कं झालं होतं.

बाप त्या नावानिशी गेला. सोनाउल्लाहने सफरचंदाची तीनशे झाडं लावली, दुमजली घर बांधलं, मशिदीला गालिचा दिला. तरी तो सोनाउल्लाह गारठाच राहिला. स्वतःपुरतं त्याने ते गिळलं होतं. पण या सप्टेंबरात त्याची एकुलती एक मुलगी शाहमाल सोपोरच्या हाजी अहदजूंच्या घरी दिली तेव्हा त्याने देवाकडे एकच मागणं मागितलं, की हे नाव तिच्या मागे तिकडे जाऊ नये. लग्नसुद्धा मुद्दाम लख्ख उन्हात उरकलं. वऱ्हाडी घामाने निथळत होते आणि हा मनात खूष होत होता.

ऑक्टोबर संपता संपता सुलतानने गिर्दे कागदात गुंडाळत बातमी दिली.

"सोनाजू, माझा मेहुणा सोपोरला हाजीसाहेबांच्याच गल्लीत राहतो ना. तो सांगत होता, तुझ्या विहीणबाई सकाळी सकाळी अंगणात उभ्या राहून ओरडतात, 'अगं, त्या गारठ्यांच्या पोरीला आधी बोलवा!' सगळ्या गल्लीला ऐकू जातं म्हणे."

भट्टीसमोरची मंडळी एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागली. सोनाउल्लाह गिर्दे तिथेच टाकून घरी आला.

"पोरीचा रोज फोन येतो," त्याची बायको मुख्ता म्हणाली. "रडत नाही, कुढत नाही. उलट परवा हसत होती."

"ती माझी पोर आहे. मरेल, पण सांगणार नाही."

"मग आता काय करणार? सोपोरला जाऊन गल्लीची तोंडं शिवणार?"

"हमाम बांधणार," सोनाउल्लाह म्हणाला. "असा हमाम बांधतो की या चिल्लई कलानमध्ये व्याह्यांना बोलवीन, त्यांचे तळपाय भाजतील, आणि परत कोणी आपल्याला गारठे म्हणायला धजणार नाही."

हमाम काही नवलाचा नव्हता. गावात चार घरी होता. एक खोली, तिची फरशी अखंड दगडी लाद्यांची, लाद्यांखाली हातभर पोकळी. घराच्या मागून त्या पोकळीत लाकडं पेटवायची, धूर पलीकडच्या धुराड्यातून जातो आणि दगड दिवसभर ऊब देत राहतो. आगीवरच तांब्याचं पातेलं बसवलेलं, त्यातून न्हाणीत गरम पाणी. म्हातारी माणसं एकदा लवंडली की जेवायलाच उठतात.

श्रीनगरहून उस्ताद समद आला. त्याच्या खानदानात सात पिढ्या हमामच बांधत होत्या आणि तो बोलायचाही दगडाइतकाच हळू.

"घरात माणसं किती?"

"आम्ही दोघं."

"मग दहा बाय बारा भरपूर झालं. हमामात अंग शेकायचं असतं, क्रिकेट नाही खेळायचं."

"तळमजला पूर्ण पाहिजे."

उस्तादने चहाचा पेला खाली ठेवला. "पूर्ण म्हणजे?"

"स्वयंपाकघर सोडून. स्वयंपाकघर बायको देत नाही."

"देणारही नाही," आतून आवाज आला.

"आणि लाद्या किती जाड घालतात लोक?" सोनाउल्लाहने विचारलं.

"चार बोटं."

"आपल्या वीतभर घाल."

"सोनाजू, ऐक. पातळ दगड तासाभरात बोलायला लागतो. जाड दगड आधी विचार करत बसतो."

"करू दे की. पण एकदा तापला की?"

"मग आठवडाभर गप्प बसत नाही."

"अस्सं! मग हेच पाहिजे."

झालं. सफरचंदाच्या अख्ख्या हंगामाची कमाई जमिनीत गेली. लाद्या एवढ्या वजनदार निघाल्या की ट्रकचा ड्रायव्हर गावच्या पुलावरून आणायला तयार होईना. एका आगीने एवढी फरशी तापणार नाही म्हणून मागच्या बाजूला तीन भट्ट्या काढल्या. "तोंडं तीन केलीस, पोट एकच आहे, आणि ते भरता भरता तुझी बाग संपेल," उस्ताद म्हणाला. तांब्याचं पातेलं असं आलं की त्यात मेंढरू उभं राहिलं असतं. त्यातून सोनाउल्लाहने स्वतःच्या अकलेने नळ्या काढल्या: वरच्या दोन खोल्यांत, जिन्याखाली, न्हाणीत, आणि हात घातलाच आहे तर गोठ्यापर्यंत. नळ्यांना नऊ पितळी चाव्या. कुठली चावी कुठे पाणी सोडते हे फक्त नळवाल्याला ठाऊक होतं, आणि नळवाला हिवाळ्यापुरता जम्मूला निघून गेला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काम संपलं. जाताना उस्तादने दोन गोष्टी बजावल्या.

"चुना अजून ओला आहे. उद्यापासून रोज थोडं थोडं पेटवत जा, दगडाला सवय लागू दे. दहा दिवसांनी पाहुणे बोलव. आणि वर जाड काही अंथरू नकोस. एक पातळ चटई, बस."

सोनाउल्लाहने मान डोलावली. डॉक्टरने मीठ कमी खा म्हटल्यावर आपण डोलावतो तशी.

कारण त्याच्या मनात निराळंच होतं. आमंत्रण आधीच गेलं होतं: व्याही, विहीण, जावई, शाहमाल आणि त्यांच्याकडची आणखी सात माणसं. नव्या हमामाची पहिली ऊब त्यांच्याच पायांना लागली पाहिजे, हा त्याचा हट्ट.

"अहो शाहमालचे बाबा, उस्ताद म्हणाला ना, पेटवा म्हणून," मुख्ता रोज सांगे.

"जावयाच्या आधी माझ्या म्हाताऱ्या तंगड्या तिथे टाकू? उष्टी ऊब देऊ त्यांना?"

"ऊब उष्टी होते होय?"

"का नाही होत? भात उष्टा होतो, पाणी उष्टं होतं."

"डोकं तेवढं कधी वापरून उष्टं करू नका," मुख्ता म्हणाली आणि वांग्यांच्या वाळवणाची माळ उतरवायला गेली.

ठरल्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर सोनाउल्लाहने तिन्ही भट्ट्या एकदम पेटवल्या. मुख्ताने शेजारीपाजारी शकुनाचा हळदीचा पिवळा भात वाटला. घरातले, भावाकडचे आणि मागून आणलेले असे नऊ गालिचे हमामात अंथरले गेले, कारण व्याह्यांना उघड्या दगडावर बसवायचं म्हणजे काय. दहा वाजता बर्फ पडायला लागलं. सोनाउल्लाहने आनंदाने आभाळाकडे बघितलं. जेवढी थंडी जास्त, तेवढी हमामाची शान जास्त.

अकरा वाजता त्याने गालिचा वर करून दगडाला तळहात लावला. दगड नुसता गार नव्हता; ओल्या चुन्याने वर दंव धरलं होतं. पाच तासांची आग त्या वीतभर लादीने गिळली होती आणि ढेकरसुद्धा दिला नव्हता.

"येईल, येईल," तो स्वतःशी म्हणाला आणि लाकडं घालायला पळाला.

बारा वाजता दोन गाड्या दारात थांबल्या. हाजी अहदजू उतरले. उंच, पांढरी दाढी, गुडघे कायमचे रुसलेले. मागून विहीणबाई, ज्यांचा आवाज माणसाच्या आधी घरात शिरे. जावई तौसीफ, शाहमाल आणि बाकीचे. सोनाउल्लाहने सगळ्यांना हमामात नेलं. मंडळी गालिच्यांवर टेकली. हाजीसाहेब मोठ्या कष्टाने गुडघे दुमडत बसले, आणि पाहुण्याने काय म्हणायचं ते त्यांनी रिवाजाप्रमाणे म्हटलं.

"वा! काय ऊब आहे, सोनाजू!"

म्हणता म्हणता त्यांचे दात वाजले.

पाहुण्यांना थंडी वाजली तरी सांगायची सोय नाही, आणि यजमानाला कळलं तरी विचारायची सोय नाही. सगळे अंग चोरून हसत बसले. फेरनाच्या आतल्या कांगड्या जो तो जरा जास्तच पोटाशी धरू लागला. शाहमाल उठून स्वयंपाकघरात आईकडे आली आणि चुलीला चिकटून बसली.

"आई, बर्फ बाहेर पडतंय की आत?"

"हळू बोल. बाबांनी ऐकलं तर त्या पातेल्यात उडी घेतील."

जेवण आलं. एकेका त्रामीभोवती, म्हणजे तांब्याच्या मोठ्या ताटाभोवती, चौघं चौघं बसले. रिस्ते, तबकमाज, गोश्ताबा, मटणाचं सगळं उत्तम होतं, पण मेंढीच्या चरबीला उत्तम-मध्यम कळत नाही. ती थंडीत थिजते. दुसऱ्या घासापर्यंत रश्शावर पांढरी साय धरली. तिसऱ्या घासाला पाहुणे शर्यत लावल्यासारखे जेवू लागले. तौसीफच्या बोटांना गोश्ताबा चिकटून बसला तो सुटेना.

सगळ्यांचे हात धुऊन झाले तेव्हा विहीणबाईंनी इकडेतिकडे बघितलं. मनाने निर्मळ बाई.

"व्याहीबुवा, जेवण झकास झालं. आता तो हमाम तरी दाखवा ना! कुठे बांधलाय?"

हाजीसाहेबांनी त्यांना कोपर मारलं. त्यांना ते कळलं नाही. "असं काय करता? एवढं कौतुक ऐकलं होतं. आपण इथे बसलो, त्यापेक्षा तिकडे जाऊन बसलो असतो, जरा ऊब तरी..."

मग त्यांना कळलं. खिडकीबाहेर बर्फ पडत राहिलं.

सोनाउल्लाह उठला. "भट्टीत लाकडं बघून येतो," असं काहीतरी पुटपुटत मागच्या दाराने निघाला. चाळीस वर्षांपूर्वीच्या दिवशी तो वीस वर्षांचा होता आणि बापाचा चेहरा त्याने पाहिला होता. आज आपला तसाच झाला असणार, हे त्याला आरशाशिवाय कळलं. बापाचा निदान कोळसा भिजला होता. याने तर एवढी मोठी थंडी मुद्दाम, पैसे मोजून, उस्ताद लावून बांधून घेतली होती.

घरामागे, तीन भट्ट्यांच्या तोंडासमोर, चार पायऱ्या खाली एक खोलगट पडवी होती. लाकडं रचायला केलेली. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी सफरचंदाच्या फांद्यांच्या राशी. सोनाउल्लाह तिथे उकिडवा बसला आणि एकामागून एक ओंडके आत सारू लागला. तिन्ही तोंडांतून लाल उजेड बाहेर येत होता. त्याला डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, ते धुरामुळे असं त्याने ठरवून टाकलं.

पाठीमागे पायऱ्यांवर काठी वाजली.

"हाजीसाहेब! तुम्ही इथे कशाला? इथे घाण आहे, धूर..."

"सरक," हाजीसाहेब म्हणाले. त्यांनी एक ओंडका ओढला, त्यावर बसले, दोन्ही पाय आगीसमोर लांब केले आणि डोळे मिटले. "हाय हाय हाय. सोनाजू, खरा हमाम इथे आहे आणि तू आम्हाला वर बसवलंस."

सोनाउल्लाह त्यांच्या शेजारी सरकला. मग जे चाळीस वर्षं तोंडातून निघालं नव्हतं तेच निघालं.

"हाजीसाहेब, गावात आम्हाला गारठे म्हणतात. तुम्हाला आता कळलंच असेल, पण सोयरीक करताना मी लपवलं. माझी चूक झाली. मला सांगा, वाटेल ते ऐकवा, पण माझ्या पोरीला त्यावरून..."

"लपवलंस?" हाजीसाहेबांनी एक डोळा उघडला. "अरे, सोयरीक करण्याआधी मी तुझ्या रोटीवाल्याकडे जाऊन अर्धा तास बसलो होतो. मुलीचं घर कसं आहे हे दुसरं कोण सांगणार? कोळसा भिजला तेही सांगितलं त्याने. नवरदेवाच्या नाकाचा रंगही सांगितला."

"सुलतानने?" सोनाउल्लाहच्या हातातला ओंडका तसाच राहिला.

"तू मात्र आमच्या रोटीवाल्याकडे गेला नाहीस. भला माणूस आहेस. गेला असतास तर तुला कळलं असतं, सोपोरला आम्हाला काय म्हणतात." हाजीसाहेबांनी मागे वळून पायऱ्यांवर कोणी नाही याची खात्री केली. "खोगीर."

"काय?"

"खोगीर. आमचे आजोबा घोडा घ्यायला बाजारात गेले आणि खोगीर घेऊन आले. म्हणाले, आज हे स्वस्त मिळालं, घोडा पुढच्या वर्षी घेऊ. त्याला आता पंचाहत्तर वर्षं झाली. घोडा अजून यायचाय."

सोनाउल्लाहने ओठ आवळून धरले.

"हस, हस. ते नाव पुसायचं म्हणून मी घर तीन मजली बांधलं. गावाने काय म्हणावं? तीन मजली खोगीर! हज करून आलो, तर हाजी खोगीर. या नावांच्या मागे लागू नये, सोनाजू."

आता मात्र सोनाउल्लाहला हसू आवरेना. तो हसत राहिला, हाजीसाहेब हसत राहिले, आणि आगीच्या उबेने त्यांच्या गुडघ्यांतली कुरकुरही जरा थांबली. पण हसू ओसरल्यावर सोनाउल्लाह पुन्हा लाकडं सारू लागला.

"तुमचं निराळं. माझी पोर परक्या घरात आहे. विहीणबाई भर अंगणात तिला गारठ्यांची पोर म्हणतात. सगळी गल्ली ऐकते."

"म्हणते ना! रोज म्हणते. माझी तीच तर तक्रार आहे!" हाजीसाहेब काठी आपटत म्हणाले. "सकाळी चुलीतले निखारे निघतात की नाही? तीस वर्षं त्यातली पहिली कांगडी माझी भरली जायची. घरातला मोठा मी, गुडघे माझे दुखतात. आता तुझी पोर आल्यापासून आमची बाई दारात उभी राहून ओरडते, 'गारठ्यांच्या पोरीला आधी बोलवा, तिच्या अंगात पिढ्यांची थंडी आहे, तिची कांगडी आधी भरा!' पहिला लाल निखारा तिला. मग मला. मोठ्या सूनबाई तिसऱ्या, त्या अजून फुगून बसल्यात."

सोनाउल्लाह लाकडं सोडून त्यांच्याकडे वळला.

"पोर पण बिलंदर आहे तुझी," हाजीसाहेब म्हणाले. "थंडी वाजो न वाजो, हाक आली की कुडकुडत येते."

या खेपेला सोनाउल्लाहच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि त्याने धुराचं नाव घेतलं नाही. दोन महिने तो ज्या हाकेने तळमळत होता, ज्या हाकेसाठी त्याने जमिनीत एवढा दगड पुरला होता, ती हाक म्हणजे पोरीच्या पोटाशी पहिली ऊब होती.

"आणि हे बघ," हाजीसाहेब हळू आवाजात म्हणाले, "खोगिराचं तुझ्या बायकोलासुद्धा सांगू नकोस."

"हाजीसाहेब, माझ्या गळ्याची शपथ."

एवढ्यात पायऱ्यांवर तौसीफ उगवला. मग त्याचे चुलते. मग आणखी दोघं, नाकं लाल झालेली. "इथे आहे होय हमाम!" विहीणबाईंचा आवाज आला आणि पाठोपाठ त्या आल्या. मुख्ताने चहाचा समोवार तिथेच आणला. नऊ गालिचे वर हवा खात पडले आणि सोपोरची प्रतिष्ठित मंडळी लाकडाच्या पडवीत फांद्यांवर बसून मिठाच्या चहात रोट्या बुडवून खाऊ लागली. तौसीफने तबकमाज आगीवर धरून परत गरम केला. संध्याकाळी खबर आली की रस्ता बंद झाला, गाड्या निघणार नाहीत. कोणालाही वाईट वाटलं नाही. स्वयंपाकघरात चुलीभोवती सगळ्यांच्या गाद्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्ता हमामात डोकावली. शेजारची मांजर एका कोपऱ्यात, जिथे गालिचा दुमडला गेला होता, उघड्या दगडावर चारी पाय वर करून झोपली होती. मुख्ताने वाकून हात लावला आणि हाकच मारली.

"अहो! उठा! दगडाचा विचार करून झाला!"

नऊच्या नऊ गालिचे बाहेर काढले. दुपारपर्यंत दगड असा झाला की हाजीसाहेब त्यावर पालथे पडले आणि त्यांनी उठायचं नाव सोडलं. संध्याकाळी त्यावर मोजे घालून चालावं लागलं. आग केव्हाच विझवली होती, पण वीतभर दगड एकदा बोलायला लागला तो लागला. तिसऱ्या दिवशी गाव आलं. चार घरच्या म्हाताऱ्या उशा घेऊन आल्या, पोरांनी ओले बूट वाळत मांडले, कोंबडेमास्तरांनी परीक्षेचे पेपर तिथेच पसरून तपासले. सोनाउल्लाहने जावयाला न्हाणीत गरम पाणी द्यायला पाच नंबरची चावी फिरवली, ते पाणी गोठ्यात निघालं; गाईने अर्धी बादली पिऊन उरलेल्यात पाय सोडून उभं राहायला सुरुवात केली. विहीणबाई रस्ता उघडल्यावरही जायला तयार होईनात. चौथ्या दिवशी हाजीसाहेबांनी त्यांना जवळजवळ ओढतच गाडीत बसवलं, आणि त्यांच्या शेजारी शाहमाल बसली, गाल लाल, मांडीवर आईने भरून दिलेली कांगडी.

पाचव्या दिवशी सकाळी सोनाउल्लाह सुलतानच्या भट्टीवर गेला. तो येताच मंडळी सरकली. त्याच्यासाठी मधली जागा झाली, अशी कधी होत नसे.

"सोनाजू," सुलतान गिर्दे काढायचं थांबवून म्हणाला, "आमचं सगळ्यांचं ठरलं. परवा तुझ्या हमामात माझ्या मोज्याला भोक पडलं. असल्या घराला गारठे म्हणायचं म्हणजे आमचंच हसू व्हायचं. आजपासून तुम्ही तवेवाले."

"तवेवाले," मंडळींनी माना हलवल्या. नाव तोंडात बरं बसत होतं.

"माझं अनुमोदन आहे," कोंबडेमास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असूया लपत नव्हती.

चाळीस वर्षं सोनाउल्लाहने ज्याची वाट पाहिली होती ते भट्टीच्या कठड्यावर, ताज्या गिर्द्यांच्या शेजारी, त्याच्यासमोर ठेवलेलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. त्याने भट्टीतल्या निखाऱ्यांकडे बघितलं.

"राहू दे, सुलतान," तो म्हणाला. "गारठेच असू दे."

"डोकं फिरलं का तुझं? अरे, या गावात आजवर एकाचं नाव सुटलेलं नाही!"

"नको असेल तर मला द्या," मास्तर घाईघाईने म्हणाले.

सोनाउल्लाहने आपले गिर्दे उचलले आणि फेरनात छातीशी धरले.

"सोपोरला सकाळी चुलीतला पहिला निखारा माझ्या पोरीच्या कांगडीत पडतो," तो म्हणाला. "तवेवाल्यांच्या पोरीला कोण देईल?"